खावटीचा आकडा आणि आपले साहित्य

कायद्याच्या मराठीत जिला 'पोटगी' म्हणतात तिला आपल्या वस्त्यांत 'खावटी' म्हणतात. दोन्ही शब्दांची धाव पोटापर्यंतच आहे. नवऱ्यापासून सुटलेल्या बाईला मिळायचे ते अन्नापुरते, हे भाषेनेच आधी ठरवून टाकले. खोलीचे भाडे, पोराची फी, दवाखाना, तारखेच्या दिवशी बुडालेला रोज, यांतले काहीच या शब्दांत बसत नाही. शब्दावरून एवढे काढणे ही समीक्षकाची खोड आहे असे कुणी म्हणेल. म्हणो. पण 'खावटी वाढवून मिळावी' असा अर्ज घेऊन कोर्टात उभ्या राहणाऱ्या बाईची उलटतपासणी याच मापाने होते. आतापर्यंत जगलीस ना? मग आता वाढ कशाला?

प्रस्तुत लेखाचा विषय हा वाढीचा अर्ज आहे. पहिला अर्ज नव्हे. पहिल्या अर्जात मारझोड असते, दुसरी बाई असते, दारू असते. त्यात नाट्य असते आणि नाट्य साहित्याला मानवते. घटस्फोट होऊन गेला, खावटी ठरली, वर्षे लोटली आणि ठरलेला आकडा पुरेनासा झाला, किंवा नवऱ्याला तो जड वाटू लागला, की तो बदलून मागायची पाळी येते. त्या दुसऱ्या अर्जात नाट्य नाही. त्यात तेल, साखर, भाडे आणि वह्या आहेत. आपल्या साहित्याने मोडलेला संसार पुष्कळ लिहिला. मोडल्यानंतरचा महिना फारसा लिहिला नाही, असे माझे म्हणणे आहे. आणि ही उणीव केवळ साहित्याची नसून चळवळीचीही आहे.

दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) मराठी आत्मकथनाचा चेहरामोहरा बदलला हे आता नव्याने सांगायला नको. त्यात निवेदकाचे पहिले लग्न आहे, बायकोवर घेतलेला संशय आहे आणि त्या संशयाने झालेली ताटातूट आहे. त्या कबुलीच्या धाडसाविषयी आपण खूप बोललो. कबुली देणारा पुरुष मोठा ठरला, आणि त्याने केले तेही योग्यच; असे लिहायला छाती लागते. पण त्या बाईने पुढच्या महिन्याचे वाणसामान कशावर भरले असेल, हा प्रश्न समीक्षेने विचारण्याजोगा होता. तो विचारलेला माझ्या वाचनात नाही. आपली समीक्षा त्या काळी भूक, जात आणि नकार या तीन शब्दांवर चालत होती. भूक कुणाची, हे तिने घराच्या उंबरठ्याबाहेरच विचारले.

स्त्रियांची आत्मकथने आली तेव्हा हा उंबरठा ओलांडला जाईल असे वाटले होते. शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा'त (१९८६) नवरा दुसरी बायको करतो आणि नाजा घर सोडते. ती उभी राहते ती शिक्षिकेच्या पगारावर. त्या कथेचा कणा पगार आहे, पोटगी नाही, आणि म्हणूनच ते पुस्तक आपल्याला इतके आवडते, असा मला संशय आहे. स्वतःच्या पायावर उभी राहिलेली बाई सगळ्यांना सोयीची असते. ती कुणाकडे काही मागत नाही. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमचं' (१९८६) लिहिले, पण लिहिलेले कागद वीस वर्षे घरात नवऱ्यापासून लपवून ठेवले. स्वतःच्या संसारातला मार त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितला. पुस्तकात समाज आला, सुनांचे हाल आले, बाबासाहेब आले. स्वतःचे घर जवळपास बाहेर ठेवले गेले. मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) मात्र चळवळीतल्या माणसाच्या घरातच शिरते. त्याला मिळालेला प्रतिसाद पाहिला तर कळते की आपल्याकडे बाईने दुःख सांगितलेले चालते. हिशेब मागितलेला चालत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहा. विजय तेंडुलकरांच्या 'कन्यादान'वर (१९८३) आपण तुटून पडलो. दलित नवरा मारकुटा दाखवला, त्यातून सवर्ण प्रेक्षकाला हवे ते मिळाले, हा आक्षेप मला आजही मान्य आहे. पण त्या नाटकाची एक गोष्ट वादात निसटली. ज्योती शेवटी अरुणकडेच परत जाते. नाटककाराला तिचे परत जाणे ही तत्त्वाची शोकांतिका वाटते. ती परत गेली नसती तर? मग पोटातल्या मुलाचे काय, खर्चाचे काय, अरुणने किती द्यायचे, असे रोकडे प्रश्न उभे राहिले असते आणि नाटकाला उदात्त शेवट मिळाला नसता. ना तेंडुलकरांनी तिथवर पाहिले, ना आपण.

आता ट्रॉम्बेला या. साहित्यात जे आले नाही ते कसे दिसते हे पाहायला ही जागा सोयीची आहे, कारण इथे पगार आणि खावटी यांचे नाते उघडे पडते. एका अंगाला भाभा अणुसंशोधन केंद्र आणि त्याचे अणुशक्तीनगर. माहूलच्या बाजूला १९५०च्या दशकात आलेले दोन तेलशुद्धीकरण कारखाने, टाटांचे वीज केंद्र, १९६५ सालचा खत कारखाना. दुसऱ्या अंगाला चिता कॅम्प. मे १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, अणुकेंद्राशेजारची जनता कॉलनी उठवून हजारो कुटुंबे तिथल्या दलदलीच्या जमिनीवर आणून टाकली. पलीकडे मानखुर्द, गोवंडी आणि देवनारचे डम्पिंग ग्राउंड. या टापूत आपली माणसे दोन तऱ्हांनी कमावतात. राखीव जागांमुळे वा कामगार म्हणून कायम नोकरीत लागलेले एका बाजूला. ठेकेदाराच्या हजेरीवर जाणारे दुसऱ्या बाजूला.

समजा, कायम नोकरीतल्या एका माणसाने बायकोला सोडले आणि १९८६ साली कुर्ल्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाने तिला महिना २०० व मुलाला १०० रुपये ठरवून दिले. हे उदाहरण मी रचलेले आहे, पण अशा आकड्याचे त्या काळी कुणालाही नवल वाटले नसते. त्याच वर्षापासून नवऱ्याला चौथा वेतन आयोग लागू झाला. मग १९९६ चा पाचवा. केंद्र सरकारच्या नोकराचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फेरला जातो. त्यासाठी त्याला अर्ज करावा लागत नाही, महागाई वाढली हे सिद्ध करावे लागत नाही, आणि तू आतापर्यंत जगलास कसा असे त्याला कुणी विचारत नाही. बाईचे ३०० रुपये मात्र १९८६ च्या त्या तारखेलाच थांबून राहतात. एकाच बाजारात दोघे तेल घेतात. भत्ता त्याला, महागाई तिला.

तिने अर्ज केला असता तरी काय झाले असते? इथे आकड्याचा इतिहास सांगणे भाग आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४८८ व्या कलमात खावटीची कमाल मर्यादा महिना ५० रुपये होती. १९२३ साली ती १०० झाली, १९५५ साली ५००. १९७३ ची नवी संहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली. तिच्या १२५ व्या कलमाने घटस्फोटितेलाही 'पत्नी'च्या व्याख्येत घेतले. ही मोठी गोष्ट होती. पण ५०० चा आकडा तिने जसाच्या तसा ठेवला, आणि वाढ देणाऱ्या १२७ व्या कलमावरही तोच झापड बसवला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये मर्यादा १५०० केली. २००१ मध्ये संसदेने मर्यादाच काढून टाकली. म्हणजे १९५५ ते १९९९ अशी ४४ वर्षे महाराष्ट्रातल्या बाईने या कलमाखाली कितीही अर्ज केले तरी डोके ५०० च्या छताला लागायचे. कॅप्टन रमेशचंद्र कौशल यांच्या खटल्यात १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे छत थोडे उचलले: ५०० रुपये बाई आणि पोरे मिळून सगळ्यांचे नव्हेत, प्रत्येकाचे वेगळे, असा अर्थ त्यांनी लावला. घटनेच्या १५ (३) आणि ३९ व्या अनुच्छेदांचा आधार त्यांनी तेव्हा घेतला. त्यापूर्वी हे कलम वाचले जाई ते भटकेपणा रोखण्याच्या दृष्टीने. टाकलेली बाई रस्त्यावर आली तर सुव्यवस्थेला त्रास, म्हणून तिला चार घास. इंग्रजी राज्याच्या पोलिसी नजरेतून जन्मलेली ही तरतूद दिवाणी कायद्यात न राहता फौजदारी संहितेत राहिली, याचे कारण हेच.

शाहबानो प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. त्यावरून देशात धर्माचे केवढे रण माजले. पण मुळात काय होते? इंदूरच्या त्या वृद्ध बाईने महिना ५०० रुपये मागितले. १९७९ मध्ये मॅजिस्ट्रेटने २५ दिले. ते वाढवून मिळावेत म्हणून ती उच्च न्यायालयात गेली, आणि १९८० मध्ये आकडा झाला १७९ रुपये २० पैसे. १९८५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी आणि पंडितांनी जे रकाने भरले त्यांत हे २० पैसे कुठून आले आणि त्यांत महिना कसा निघतो, हे विचारणारे फार थोडे होते. वाढीचा अर्ज असा गिळला जातो. बाईचा आकडा बाजूला पडतो आणि पुरुषांचे धर्म भांडू लागतात.

आज १ जुलै २०२४ पासून संहिता बदलली आहे. १२५ चे १४४ झाले, १२७ चे १४६. आशय तोच: परिस्थिती बदलल्याचा पुरावा दिला तर रक्कम बदलता येते. हिंदू विवाह कायद्याच्या २५ (२) कलमातही तेच आहे. मुंबईत कौटुंबिक न्यायालय १९८९ पासून आहे आणि ते वांद्रे-कुर्ला संकुलात बसते. चिता कॅम्पमधल्या बाईने बसने नाहीतर शेअर रिक्षाने मानखुर्द गाठायचे, हार्बरने कुर्ला, तिथून पुन्हा बस. चार घरची भांडी करणारी असेल तर चारी घरी खाडा. तारीख मिळते. नवऱ्यावर समन्स लागलेले नसते, पत्ता बदललेला असतो. पुन्हा तारीख. आणि थकलेल्या रकमेची गोष्ट वेगळीच: वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ही अट ठाऊक नसल्याने किती बायकांचे पैसे बुडाले असतील याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. स्त्रियांना अशा दाव्यांत कोर्ट फी माफ आहे आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावे.

'परिस्थिती बदलली' या दोन शब्दांवर थांबायला हवे, कारण सगळी झुंज तिथेच आहे. ठेकेदाराकडे जाणाऱ्या माणसाची पगाराची चिठ्ठीच नसते. त्याचे उत्पन्न बाईने कशाने दाखवायचे? तिचे स्वतःचे उत्पन्न मात्र चटकन दिसते. धुणीभांडी करते म्हणजे कमावते, कमावते म्हणजे समर्थ. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये चतुर्भुज विरुद्ध सीताबाई या खटल्यात स्पष्ट केले की जगण्यापुरते काहीतरी कमावणे म्हणजे स्वतःचा निर्वाह करण्यास समर्थ असणे नव्हे. निर्णय चांगला आहे, पण तो कुर्ल्याच्या किंवा वांद्र्याच्या दालनात उच्चारायला वकील लागतो, आणि वकील जी भाषा बोलतो ती बाईची नसते. तिने सांगितलेले असते, 'पोरगा आठवीत गेला, त्याला आता शिकवणी लागते.' अर्जात ते येते ते अशा इंग्रजीत की तिला वाचून दाखवले तरी ती स्वतःला ओळखणार नाही.

पुरुषानेही अर्ज करायचा असतो, कमी करून मिळावे म्हणून, आणि तो नेहमी खोटाच असतो असे मी म्हणणार नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर ज्यांची नोकरी गेली त्यांचा खिसा खरोखरच रिकामा झाला होता. आजारपण असते, निवृत्ती असते. पण सर्वांत जास्त पुढे केले जाणारे कारण म्हणजे दुसरे लग्न. २०१७ मध्ये कल्याण डे चौधरी यांच्या खटल्यात उच्च न्यायालयाने १६ हजारांची २३ हजार केलेली खावटी सर्वोच्च न्यायालयाने २० हजारांवर आणली, कारण नवऱ्याने पुन्हा लग्न केले होते आणि त्याला मूल झाले होते. त्याच निकालात नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य ठरेल असेही म्हटले आहे. त्यामुळे तो निकाल बायकांच्या बाजूने सांगितला जातो. मला त्यातला दुसरा भाग अधिक बोलका वाटतो. पुरुषाने नवे घर मांडले की जुन्या घरचे रेशन कमी होते. बाईने पाट लावला तर? तिची खावटी बंद. हे एकवेळ समजण्याजोगे. पण हिंदू विवाह कायद्याच्या २५ (३) कलमात ती 'शीलवती' राहिली नाही एवढे कारणही आदेश बदलायला पुरते. पुरुषालाही तिथे एक जोडअट आहे, पण ती लागू होणार तो बायकोकडून खावटी घेत असेल तर. असे किती पुरुष ट्रॉम्बेत आहेत?

आणि इथे 'हिंदू' या शब्दाशी येऊन ठेपतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्यांनी हिंदू धर्म सोडला त्यांच्या लेकीसुना खावटीसाठी ज्या कायद्याकडे जातात त्याचे नाव हिंदू विवाह कायदा. त्याच्या दुसऱ्या कलमानेच बौद्ध, जैन, शीख यांना त्यात घातले आहे. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी यातूनच निघाली. ती रास्त आहे. परंतु त्या मागणीच्या व्यासपीठावर विधी कोणता, साक्ष कुणाची, नोंद कुठे, हे बोलले जाते. खावटी किती, ती आपोआप वाढणार का, यावर कुणी बोलल्याचे मी ऐकले नाही. कायद्याचे नाव बदलेल आणि २५ (३) तसेच राहील, अशी मला भीती आहे.

बाबासाहेबांचा या प्रश्नाशी संबंध आपण भाषणापुरता ठेवला आहे. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या दलित महिला परिषदेत, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली, घटस्फोटाच्या हक्काचा आणि बहुपत्नीत्वाला बंदी घालण्याचा ठराव झाला. ही मागणी बायकांनीच केली होती. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) लिहिले नसते तर आपण ती विसरून गेलो असतो. हिंदू कोड बिलाच्या चर्चेत बाबासाहेबांनी दाखवून दिले की घटस्फोट ही परकी कल्पना नाही, शूद्र म्हणवल्या गेलेल्या बहुसंख्य समाजात तो रूढीने होताच. त्या बिलाची कोंडी झाल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. काडीमोड आपल्याकडे होता हे खरे. पण काडीमोडाने बाईला मोकळे केले, तिच्या हाती काही ठेवले नाही. बाबासाहेबांना रूढीचे मोकळेपण कायद्याच्या हक्कात बदलायचे होते. आपण उलट दिशेने गेलो.

ते असे. वस्तीतले मंडळ बसते. मंडळात शिकलेले लोक असतात, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर स्टॉल लावणारे असतात. नवरा-बायकोला समोर बसवून स्टॅम्पपेपरवर फारकत लिहिली जाते: अमुक रक्कम एकदाच मिळाली, यापुढे खावटी मागणार नाही, तक्रार नाही. बाईचा अंगठा किंवा सही. कोर्टात असा कागद पुढे करताना नवऱ्याचा वकील हिंदू विवाह कायद्याच्या २९ (२) कलमाकडे बोट दाखवतो, कारण ते कलम रूढीने चालत आलेला घटस्फोट मान्य करते. म्हणजे बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस बायकोला काही द्यायची वेळ आली की महारकीची जुनी रूढी सांगतो! आम्ही गावकीची कामे सोडली, मेलेली ढोरे ओढायचे सोडले, येसकरपाळी सोडली. आणि ही एक रूढी जपून ठेवली, कारण ती पुरुषाच्या फायद्याची आहे.

एकरकमी रक्कम घेऊन 'मोकळी हो' असा सल्ला देणारे कार्यकर्ते वाईट मनाचे असतात असे नाही. त्यांना रोजच्या कटकटीतून बाईला सोडवायचे असते. पण महिन्याची खावटी वाढवून मागता येते. एकदाच घेतलेल्या रकमेवर पुन्हा दार ठोठावणे फार अवघड. २०१३ मध्ये नागेंद्रप्पा नाटीकर विरुद्ध नीलम्मा या कर्नाटकातल्या खटल्यात बाईने आठ हजार रुपये घेऊन हक्क सोडल्याचे लिहून दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध ठरवला आणि वेगळ्या कायद्याखालचा तिचा दावा चालू ठेवला. अशा निकालापर्यंत पोहोचायला मात्र दिल्लीपर्यंत जावे लागते. मानखुर्दच्या पुढे जाणे जिला महाग पडते तिचे काय?

हे सगळे लिहिले की एक आक्षेप ठरलेला असतो: घरातले उणे चव्हाट्यावर आणून सवर्णांच्या हाती कोलीत का देता? दलित पुरुष बदनाम करण्याचा उद्योग त्यांच्याकडे भरपूर आहे, त्यात तुमची भर कशाला? आक्षेप घेणाऱ्यांची भीती खोटी नाही. 'कन्यादान'चा अनुभव ताजा वाटावा असाच आहे. पण सवर्ण घरांत खावटी बुडत नाही असे थोडेच आहे! १९८०च्या दशकात संगमनेरला निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांचा प्रश्न उचलला, तेव्हा तो सर्व जातींत पसरलेला आहे हेच पुढे आले. फरक इतकाच की टाकलेल्या सवर्ण बाईला बहुतेक वेळा भावाचे घर असते. आपल्या बाईच्या भावाकडे दहा बाय बाराची खोली असते आणि तीत आधीच सहा माणसे असतात. म्हणून हा प्रश्न आपल्याकडे अधिक तातडीचा. प्रतिष्ठा जपायची म्हणून तो बंद ठेवायचा असेल तर ती प्रतिष्ठा बाईच्या ताटातून काढून घेतलेली आहे, एवढे तरी मान्य करावे.

साहित्याकडे परत येतो. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या रजनीश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी देशभरासाठी नियम घालून दिले. खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, आणि दोघांनीही मिळकत व देणी यांचे प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात दाखल करावे. त्या नमुन्यात महिन्याचा खर्च, अवलंबून असलेली माणसे, बँकेची खाती, गुंतवणूक, विमा असे सारे विचारले आहे. आणि पुढे सवलत आहे: दुर्बल घटकातले, दारिद्र्यरेषेखालचे किंवा मोलमजुरी करणारे पक्षकार असतील तर प्रतिज्ञापत्राची गरज नाही. सवलत सद्हेतूने दिली आहे; कागदांच्या ओझ्याखाली गरीब बाई दबू नये म्हणून. पण तिचा एक परिणाम असा की ज्या बाईचा महिना सर्वांत अवघड, तिचा महिना त्या नमुन्यात कुठेच लिहिला जात नाही. बंगलेवालीचे खर्चाचे टिपण फायलीला लागते. भांडी घासणारीचे तिच्या डोक्यातच राहते.

दलित आत्मकथन ही साक्ष आहे असे आपण पन्नास वर्षे म्हणत आलो. मग ही साक्ष कुणी घ्यायची? खावटीचा वाढीव अर्ज म्हणजे आकड्यांत लिहिलेले आत्मकथन आहे: रॉकेल काय भावाने होते आणि आता गॅस काय भावाने आहे, पहिलीतल्या पोराचा गणवेश आणि दहावीतल्या पोरीचा क्लास, दम्याचे औषध, माहूलच्या हवेने बळावलेला खोकला. यात उपमा नाही, विद्रोहाची घोषणा नाही. आपल्या संपादकांना अशी हस्तलिखिते आली तर ती 'कलात्मक पातळीवर उतरत नाहीत' म्हणून परत जातील, हे मी अनुभवाने सांगतो. ज्या शेऱ्याने एके काळी आपलेच लेखन परत यायचे तोच शेरा आपण आता बायकांच्या हिशेबाच्या वहीवर मारतो.

२०२५ च्या मे महिन्यात राखी साधुखान यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महिना ५० हजार रुपये कायम खावटी ठरवली आणि दर दोन वर्षांनी ती पाच टक्क्यांनी वाढेल असे आदेशातच लिहिले. ५० हजारांचा आकडा ट्रॉम्बेच्या बाईला परका आहे. ती वाढीची ओळ मात्र तिच्या कामाची आहे. परस्पर संमतीने घटस्फोट घेताना संमतीपत्रात तशी ओळ घालून घेता येते, मग रक्कम दोन हजारांची का असेना. पाच टक्के महागाईला पुरे पडत नाहीत. पण त्या वाढीसाठी तरी पुन्हा चार घरी खाडा करून मानखुर्द, कुर्ला, वांद्रे असे जावे लागणार नाही. मंडळाने स्टॅम्पपेपर बाजूला ठेवून बाईला कोर्टात संमतीपत्र करायला सांगितले आणि वकिलाला ही एक ओळ लिहायला लावली, तर कुणाची जात बुडणार नाही. आणि त्या बैठकीत जो कुणी आपल्यातला लिहिता माणूस बसलेला असेल त्याने बाईला आधी विचारावे, की महिन्याला नेमके लागते किती. ती बोटांवर मोजून सांगेल. ते त्याने तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे, भाड्यापासून.